उजवीकडचा ठेचा

दीपमाला,

पत्र टाकायचं तर पत्ता लागतो, आणि तुझा पत्ता सध्या दर पंधरवड्याला उसाच्या फडासोबत हलतो. तेव्हा हे तुला पोचेल असं धरून मी लिहीतच नाही. पण लिहिणं भाग आहे. एकदा तू मला विचारलं होतंस, "बाई, तुमी दिवाळी अंकात समद्यांचं लिहिता, माझं लिहाल का?" मी म्हणाले होते, "लिहिण्यासारखं काही कर आधी." असलं बोलायची मला सवयच आहे. आता लिहिते आहे. तू काय केलंस ते तर लिहीनच, पण मी काय केलं ते जास्त.

एक आधीच सांगते. यात 'मी' येणार नाही. 'मी' म्हणून लिहायला बसले की माझी लेखणी लगेच माझी वकिली करायला लागते, हे चार कागद फाडल्यावर कळलं. म्हणून गाव मला म्हणतं तसं मीही त्या बाईला वत्सलाबाईच म्हणणार. दुसऱ्याची चूक मला चांगली दिसते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

०

आष्टीपासून बारा किलोमीटरवर एका वाडीत दीपमालाचं घर. वडील बजरंग, आई बबिता. दसरा झाला की दोघं ऊस तोडायला जायचे, ते गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत यायचे. सहावीपर्यंत दीपमालाही त्यांच्यासोबत जाई. म्हणजे सहा महिने वाडीची शाळा आणि सहा महिने कुठलीच नाही. सातवीच्या वर्षी ट्रॅक्टर दारात उभा राहिला, भांडी चढली, बाजा चढल्या, आणि ही पोरगी खाली उभीच. "मी न्हाई येत. आबापाशी राहते अन् शाळा करते."

आबा म्हणजे बजरंगचे वडील, सटवा. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. म्हातारा पोरीला सांभाळणार की पोर म्हाताऱ्याला, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण बबितानं कमरेला पदर खोचून विचार केला आणि म्हणाली, "ऱ्हा. आबाचं ताट आदी, मग तुझं. ध्येनात ऱ्हाईल?" दीपमाला म्हणाली, राहील. बारा वर्षांची होती.

आठवीपासून ती आष्टीच्या शाळेत आली. निळ्या बसनं यायची. बसमध्ये खिडकीशी जागा असली तरी दारापाशी उभी राहायची, कारण मग शाळेसमोर पहिलं उतरता येतं. अक्षर मुंगीसारखं बारीक. एक वही दोन विषयांना पुरवायची. समोरचा एक दात आडवा होता म्हणून हसताना ओठ मिटून हसायची, आणि हसू फार आलं की खाली बसायची. गणितात हुशार. बोलण्यात मात्र जेवढ्यास तेवढी.

वत्सलाबाई परभणीला गृहविज्ञान शिकल्या आणि आष्टीच्या शाळेत तीस वर्षं मुलींना आहारातले घटक पाठ करायला लावून निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्यावर माणसानं घरी बसावं, असं त्यांच्या यजमानांचं, मोहनरावांचं मत. वत्सलाबाईंना घरी बसणं जमत नव्हतं. त्यामुळे पुण्याच्या एका संस्थेची राजनंदिनी नावाची चटपटीत मुलगी लॅपटॉप घेऊन दारात आली, तेव्हा चहा उकळायच्या आत बाईंनी होकार दिला होता.

काम सोपं होतं. नववीच्या तीस मुलींच्या घरच्या मोबाईलवर एक अ‍ॅप टाकायचं. त्याचं नाव 'माझं ताट'. मुलीनं जेवणाआधी ताटाचा फोटो काढायचा, यादीतून पदार्थ निवडायचे, की अ‍ॅप ताटाला रंग देणार: हिरवा, पिवळा नाही तर लाल. आठवड्याचे सगळे फोटो दर रविवारी आईच्या मोबाईलवर आपोआप जाणार. "मुलींना आपण काय खातो ते रोज दिसलं ना मॅडम, की त्या आपोआप नीट खायला लागतात," राजनंदिनी म्हणाली. वत्सलाबाईंना पटलं. तीस वर्षं खडूनं जे सांगितलं तेच आता मोबाईल सांगणार होता, आणि मोबाईलचं पोरी ऐकतात.

त्यांनी त्याच रात्री मोहनरावांच्या ताटाचा फोटो काढला. लाल आला. मोहनराव म्हणाले, "चाळीस वर्षं हे ताट तूच वाढतेयस. दिवा माझ्या नावाचा कशाला लावतेस?"

हे हसण्यावारी नेलं गेलं. नेलं जायला नको होतं.

दिवाळीनंतर सुरुवात झाली. दर शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेत मुलींना बसवायचं आणि आठवड्याची डायरी बघायची. पहिल्याच शनिवारी वत्सलाबाईंनी टॅब हातात घेतला आणि नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं वाचा असं संस्थेनं कुठेही सांगितलं नव्हतं. ती बाईंची जुनी पद्धत.

"दीपमाला बजरंग. सोमवार सकाळ, चहा-भाकरी. संध्याकाळ, भाकरी-ठेचा. मंगळवार सकाळ, चहा-भाकरी. संध्याकाळ... नूडल्स? तुमच्या वाडीला नूडल्स?"

पोरी फिसकन हसल्या.

"न्हाई बाई, शेंगोळे व्हते," दीपमाला उभी राहून म्हणाली. "यादीत शेंगोळे न्हाईत. दिसायला तसंच दिसलं म्हणून ते दाबलं."

आता वत्सलाबाई हसल्या. तिथल्या तिथे त्यांनी राजनंदिनीला फोन लावला. "हुलग्याचे शेंगोळे खाऊन इथल्या पिढ्या उभ्या राहिल्या, आणि तुमचं यंत्र त्याला लाल देतं? ब्रोकोली घातलीय यादीत. आष्टीच्या बाजारात ब्रोकोली मला दाखव, मी तुझ्या पाया पडते." दोन दिवसांत यादीत शेंगोळे आले, माडगं आलं, तांदूळजा आला. सगळ्या कारभारात बाईंच्या हातून झालेलं चांगलं काम एवढंच.

कारण फोन ठेवून त्या परत दीपमालाकडे वळल्या. "शेंगोळ्यांचं झालं. बाकीच्या लालचं काय? दारात शेवगा आहे?"

"हाय."

"कोंबड्या?"

"दोन हायत. अंडी एकच देती."

"शेळी?"

"हाय. कपभर निघतं दूध."

"मग सगळं असून चहा-भाकरी? याला गरिबी म्हणत नाहीत, आळस म्हणतात. हातपाय हलवायचा आळस."

दीपमाला खाली बसली. मागच्या बाकावरून तिची वर्गमैत्रीण मनीषा हळूच म्हणाली, "लाल दीपी." ते नाव आठवडाभरात अख्ख्या वर्गानं उचललं.

ज्यांचं ताट फार लाल, अशा बारा मुलींना संस्थेकडून लाडू होते. शेंगदाणे, तीळ, हळीव आणि गूळ. सामान संस्थेचं, वळायला वत्सलाबाईंचं स्वयंपाकघर. मुलींनी शुक्रवारी डबे आणून द्यायचे आणि शनिवारी भरून न्यायचे. दिवसाला दोन, आठवड्याचे चौदा. दीपमालाचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. तिनं आणलेला डबा स्टीलचा, बसका, घट्ट झाकणाचा. झाकणावर टोच्यानं कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. बबिता हिस मामाकडून'. आईच्या लग्नातला डबा. फडात आई त्यातूनच भाकरी न्यायची. या वर्षी लेकीसाठी ठेवून गेली होती.

लाडू चांगले होते, पण ते घ्यायला बाकीच्या पोरी बसकडे पळत असताना बारा जणींना रांगेत थांबावं लागे. तिला पोरी लाल रांग म्हणायच्या. वत्सलाबाईंच्या कानावर ते आलं होतं. "लाज वाटली तर सुधारतील," असं त्या मोहनरावांना म्हणाल्या.

पहिला रविवार गेला आणि सोमवारी त्यांना फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोयत्यांचा आवाज.

"बाई, मी दीपीची आई. ते फोटू आलेत वो मोबाईलवर. पोरगी नुसती भाकरच खाती काय? मी आंडं हाय, दूध हाय, समदं सांगून आले. हितं माझा घास गळ्याखाली जाईना झालाय."

"मी आहे ना," वत्सलाबाई म्हणाल्या. "महिनाभरात बघा तुम्ही."

"तुमच्यावरच जिम्मा बाई."

जिम्मा घेतला तो कसा पार पाडला? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दीपमालाला बोलावलं आणि सांगितलं, "तुझे फोटो बघून तुझ्या आईला तिकडे घास जाईना. ऊस तोडायचा की तुझी काळजी करायची तिनं? जरा लाज वाटू दे."

दीपमाला म्हणाली, "व्हय बाई."

तिसऱ्या आठवड्यापासून ताट बदललं. भाकरी, मेथी, उकडलेलं अंडं, वाटीत दूध. कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी, कधी मटकी. हिरवं, हिरवं, पिवळं, हिरवं. वत्सलाबाईंचा आनंद मावेना. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोळ्यात खुपली. फोटोत ठेचा ताटाच्या उजव्या अंगाला होता आणि भाजी डाव्या. प्रत्येक फोटोत. चटणी, मीठ, लिंबू डावीकडे आणि भाजी-कालवण उजवीकडे, हे वत्सलाबाईंनी तीस वर्षं फळ्यावर ताट काढून शिकवलं होतं. गरिबाचं असो, श्रीमंताचं असो, ताटाला डावं-उजवं असतंच.

शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर फोटो दाखवला. "खाणं उत्तम. वाढणं उलटं. नववीतली मुलगी, आणि ठेचा कुठल्या हाताला वाढतात ते ठाऊक नाही? आईनं शिकवलं नाही का काही?"

दीपमालाचे कान लाल झाले. "चुकलं बाई."

पुढच्या आठवड्यापासून ठेचा बरोबर डावीकडे आला. त्याचबरोबर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसायला लागलं. धुतलेलं, सुरकुतलेलं कापड. मांडीवर फडकं घेऊन जेवते वाटतं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या खूश झाल्या. सांगितलं की ऐकते ही पोरगी.

पाच आठवडे सलग हिरवे. संस्थेचा नियम होता की हिरव्या मुलीची लाडवाची जागा लाल मुलीला द्यायची. डिसेंबरच्या एका शनिवारी वत्सलाबाईंनी यादीतलं पहिलं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. घट्ट, दोनदा रेघ मारून. "दीपमालाचं झालं. टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. राजनंदिनी मुद्दाम आली होती. तिनं दीपमालाचा हातात मोबाईल घेतलेला फोटो काढला, अहवालासाठी. "हस की," म्हणाली. दीपमाला ओठ मिटून हसली.

सगळ्या गेल्यावर ती दाराशी घुटमळली. "बाई, माझा डबा?"

शुक्रवारी तिनं डबा दिला होता. नाव खोडलं जाणार हे तिला कुठे ठाऊक. डबा बाईंच्या घरी होता, रिकामा.

"देते गं. रिकामा कसा देऊ? काहीतरी घालून देते."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. इतकं साधं वळण वत्सलाबाईंना अगदी पाठ होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. तरुण डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि बोट टोचून रक्त बघायचं छोटं यंत्र. वत्सलाबाई टॅब घेऊन शेजारी बसल्या होत्या. डायरी आणि रक्त जुळवून बघायची त्यांना घाई होती. दीपमालाची पाळी आली तेव्हा त्या खुर्चीतून थोड्या पुढे सरकल्या.

"हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ," नर्स म्हणाली.

"यंत्र बघा तुमचं," वत्सलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"बिघडलंय. या मुलीची डायरी सगळ्यात हिरवी आहे. अंडं, दूध, पालेभाजी, रोज. माझ्याकडे फोटो आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दुसरं बोट टोचलं. सहा पूर्णांक सात. मग त्यांनी दीपमालाची खालची पापणी ओढून वत्सलाबाईंना दाखवली. आत लाली असायला हवी तिथे कोऱ्या कागदाचा रंग होता. "जिने चढताना धाप लागते?"

"लागती," दीपमाला म्हणाली.

"डोळ्यापुढे अंधारी?"

"बसमधी येती. म्हणून दारापाशी उभी ऱ्हाते, वारं लागतं."

वत्सलाबाईंना वाटत होतं ती पहिली उतरायला मिळावं म्हणून उभी राहते. आधी तसंच असेल. नंतर केव्हातरी कारण बदललं, आणि बाईंनी परत विचारलं नाही.

"फोटो पोटात जात नाहीत, मॅडम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वत्सलाबाई जीपनं वाडीला गेल्या. न सांगता. तीन महिन्यांत पहिल्यांदा. दीपमाला दोनदा म्हणाली होती, बाई, एकदा घरी जेवायला या. बाईंना वेळ नव्हता.

दुपारचे बारा वाजत आले होते. दार उघडं. उंबऱ्याच्या आत सटवाबाबा जेवायला बसले होते, तोंड दाराकडे. स्वच्छ धुतलेलं धोतर, मांडी घातलेली, पुढ्यात ताट. वत्सलाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि ताटाकडे बघत राहिल्या. अंडं, मेथी, दुधाची वाटी. ठेचा उजवीकडे, भाजी डावीकडे.

हे ताट त्यांच्या ओळखीचं होतं.

"कोण हाय?" म्हातारा म्हणाला.

"मी. दीपमालाच्या शाळेतली बाई."

"या की, या! आज कशापायी आल्या बाई? बसा. पोरगी आत हाय चुलीपाशी." त्यांचा हात न चाचपडता ठेच्यावर गेला, बोटभर ठेचा उचलून भाकरीच्या तुकड्याला लावला, मग तसाच भाजीकडे वळला. "दिसत न्हाई मला. पर माझ्या नातीचं ताट घड्याळावानी. डाव्या अंगाला ठेचा, उजव्या अंगाला भाजी, वरच्या अंगाला वाटी. एक दिस हिकडचं तिकडं न्हाई. अशी वाढनारी पोर सापडायची न्हाई तुमाला."

समोरून बघणाऱ्याला उजवीकडे दिसतं ते जेवणाऱ्याच्या डावीकडे असतं. परभणीपर्यंत जाऊन शिकलेल्या बाईला हे अडीच महिने कळलं नव्हतं. पोरीनं ताट ठेवून, समोर उभं राहून फोटो काढला होता. बाईंनी आईचं नाव काढून ओरडल्यावर ती म्हाताऱ्याच्या पाठीमागून, खांद्यावरून काढायला लागली. तेव्हापासून कोपऱ्यात धोतर येत होतं.

"ती कधी जेवते?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"माझ्याच संगं की. मी रोज इचारतो, घेतलंस का वाढून? घेतलं म्हणती. वाटी वाजती तिची, ऐकतो मी."

वत्सलाबाई आत गेल्या. चुलीपाशी दीपमाला बसली होती, पुढ्यात एक थाळी. थाळीत भाकरी, मीठ आणि चहा. वाटी होती, वाटीत पाणी होतं. तिनं वर बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं, आबाला ऐकू जाईल म्हणून.

दोघी मागच्या दारी शेवग्याखाली गेल्या.

"खोटं का केलंस?"

"खोटं न्हाई बाई. ताट मीच केलेलं व्हतं."

"अंडं का नाही खाल्लंस?"

"एकच आसतं." मग, "आई जाताना म्हनली, आबाचं ताट आदी."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

दीपमालानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "सांगितलं व्हतं की. पयल्या आठवड्यात समदं खरं टाकलं व्हतं. तुमी आळस म्हनलात."

वत्सलाबाई शेवग्याच्या खालच्या फांदीचा पाला ओरबाडायला लागल्या.

"बाई, आईला नका सांगू. ती फड सोडून यील. लई खूश हाय ती फोटू बघून. फडावर शेजारच्या कोपीतल्या बायांना दावती."

"नाही सांगत," वत्सलाबाई म्हणाल्या.

इथे थांबून नीट सांगायला हवं. पोरीनं विनवलं म्हणून बाई गप्प राहिल्या, असं म्हणता येईल, आणि बाईंनी बरेच दिवस स्वतःला तसंच सांगितलं. खरं असं की ती विनवणी ऐकून त्यांना हायसं वाटलं. बबिताला सांगायचं म्हणजे 'मी आहे ना' म्हणून काय केलं तेही सांगावं लागलं असतं. राजनंदिनीला सांगायचं म्हणजे अहवालातला फोटो, टाळ्या, खोडलेलं नाव, सगळं उलटं करावं लागलं असतं. आता न सांगायला कारण मिळालं होतं, आणि तेही पोरीच्या तोंडून.

"पुढच्या शनिवारी तुझं नाव परत घालते," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी लाडू आलेच नाहीत. अहवाल वर गेला होता. तीसपैकी एकवीस मुली हिरव्यात आल्या, उपक्रम यशस्वी, लाडवांची गरज संपली. राजनंदिनीनं फोनवर अभिनंदन केलं. वत्सलाबाई "हं" म्हणाल्या. त्या एका 'हं'च्या जागी चार वाक्यं बोलता आली असती. शेंगोळ्यांसाठी बोलल्या होत्या तशी.

"मी घरी करते," त्यांनी दीपमालाला सांगितलं. "तुझा डबा आहेच माझ्याकडे. भरून देते."

मग तीळ चांगले मिळेनात. मग गुडघा दुखायला लागला. मग पुतणीचं लग्न निघालं संभाजीनगरला, तिकडे आठ दिवस गेले. मग परीक्षा. दीपमाला गोळ्या घेत होती; जूनमध्ये तपासलं तेव्हा आठ पूर्णांक चार निघालं. "वाढतंय की," वत्सलाबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बारा हवं. गोळ्या चालू राहू द्या, आणि खाणं." दीपमाला दहावीत गेली. वर्गात तिला आता लाल दीपी कुणी म्हणत नसे. तिचं नाव हिरवी दीपी पडलं होतं, आणि ते ऐकून ती मान खाली घाली.

श्रावणात सटवाबाबा गेले. झोपेतच. मोहनराव भेटून आले. वत्सलाबाईंनी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या उंबऱ्यात परत उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हातारा गेल्यावर पुढे काय होणार हे कळायला गृहविज्ञान लागत नाही. आबासाठी पोरगी गावात राहत होती असं सगळे म्हणत. पण आबा होते म्हणूनच तिला गावात राहता येत होतं. एकट्या पोरीला सहा महिने कोण ठेवणार?

दसऱ्याच्या चार दिवस आधी दीपमाला दाराशी आली. वाळली होती. पायऱ्या चढून आली आणि खांबाला धरून आधी श्वास घेतला.

"बाई, आई डबा मागतीय. भांडी बांधायचीत."

"तू पण जाणार?"

"व्हय. सैपाकाला मी, तोडीला ती दोघं. परीक्षेला येते म्हनलंय. मुख्याध्यापक बघू म्हनले."

"गोळ्या?"

"हायत महिन्याच्या."

"आईला अजून...?"

"न्हाई सांगितलं." ती ओठ मिटून हसली. "ते फोटू तिनं मोबाईलमधून काढलेलेच न्हाईत. बाकी समदं काढती जागा व्हायला."

डबा आत फडताळात होता, हात लांबवला असता तर हाताला लागला असता. द्यायला हवा होता. रिकामा, तसाच, त्याच क्षणी. बबिताला फडात भाकरी न्यायला तो लागणार होता. पण वत्सलाबाईंना रिकामं भांडं त्या पोरीच्या हातात ठेववेना. त्या म्हणाल्या, "गूळ संपलाय गं. शनिवारी ये, भरून देते. चौदाच्या जागी अठ्ठावीस घालते."

"शनिवारी आसंन का न्हाई ठावं न्हाई बाई. ट्रॅक्टर कवा बी यील."

"असशील. ये."

ट्रॅक्टर शुक्रवारी आला. शनिवारी शाळेच्या फाटकात मनीषा भेटली. "बाई, दीपी गेली की काल. तुमाला सांगायला सांगितलंय तिनं, डबा ऱ्हाऊ द्या म्हनली, पाडव्याला नेते. तिच्या आईनं भाकरी बांधायला फडकं घेतलं."

'माझं ताट' अजून वत्सलाबाईंच्या टॅबवर आहे. उपक्रम बंद झाला तरी जुने फोटो उघडतात. दीपमालाच्या नावाखाली पहिल्या आठवड्यात चौदा लाल ताटं आहेत. आता त्यांना रोज ती चौदाच बघावीशी वाटतात. त्यात कुठेही धोतर नाही. चुलीच्या उजेडात थाळी, चहा, भाकरी, आणि ठेचा ज्या फोटोत आहे त्यात बरोबर डावीकडे.

मंगळवारी त्यांनी तीळ भाजले. शेंगदाणे सोलून ठेवलेत. गूळ आणायचा आहे. टोळीच्या मुकादमाचा नंबर मनीषाच्या वडिलांकडे आहे, त्याच्याकडून फड कुठे आहे ते कळेल. तो नंबर मागायचा राहिला आहे. डबा धुऊन, पुसून, झाकण वेगळं करून ओट्यावर उपडा ठेवलेला आहे.